उष्णतेचा डोळा : तीस हजारांचा आणि पांच लाखांचा

या सदरांत आम्ही नव्या यंत्रांविषयीं जेव्हां जेव्हां लिहितों, तेव्हां वाचकांकडून बहुधा एकच प्रश्न येतो : "तें सारें ठीक, पण स्वस्त घ्यावें कीं महाग?" प्रश्न रास्त आहे. आमचें नेहमींचें उत्तर असें कीं, किंमत पाहण्यापूर्वीं त्या यंत्राला आपण कोणता प्रश्न विचारणार आहों तें ठरवावें. दुसऱ्यास हें उत्तर देणें सोपें असतें. तें स्वतःच्या माणसांवर वेळ आली म्हणजे कितपत टिकतें, हें पाहण्याचा प्रसंग गेल्या आश्विनांत आमच्यावर आला. तीच हकीकत या महिन्यांत सांगावयाची आहे.

आमच्या घराण्यांत तीन पिढ्या मास्तरकीच्या आणि कारकुनीच्या. कारखाना काढणारा आमचा भाचा पहिलाच. वसईच्या पूर्वेस, मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या बाजूला, तुंगारेश्वराच्या डोंगराजवळ सातिवली म्हणून गांव आहे. आज या गांवाचें नांव घेतलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें औद्योगिक गाळ्यांच्या रांगा उभ्या राहतात. त्यांपैकीं एका गाळ्यांत भाच्याचा प्लास्टिकचीं झांकणें पाडण्याचा उद्योग चालतो. मशिनें तीन, माणसें अकरा, आणि भांडवलांत आमच्या थोरल्या भगिनीच्या प्रॉव्हिडंट फंडाचा वांटा निम्म्याहून अधिक. एका शिक्षिकेच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीची पुंजी त्या पत्र्याच्या छपराखालीं आहे.

गेल्या पावसाळ्यांत शेजारच्या रांगेंतल्या एका गाळ्याचें विजेचें पॅनेल पहांटे पेटलें. सुदैवानें आंत कोणी नव्हतें. पण माल गेला, मशिनें गेलीं, आणि त्या गाळ्यावर ज्यांचें पोट होतें तीं माणसें दोन महिने दुसऱ्यांच्या दारीं काम मागत हिंडलीं. कारण काय, तर तारेचा एक सैल सांधा. त्या दिवसापासून आमच्या भगिनीस रात्रीं झोंप लागेना. भाच्यानें ठरविलें कीं, तापलेला सांधा पेटण्यापूर्वींच दाखवील असा थर्मल कॅमेरा घ्यावयाचा. एका मित्रानें तीस हजारांच्या आसपास मिळणारें, एका हातांत मावणारें यंत्र सुचविलें. एका विक्रेत्यानें पांच लाखांचें यंत्र पुढें केलें, आणि "जिवापेक्षा पैसा मोठा आहे का?" असा आपल्या ठेवणींतला प्रश्न विचारला. त्या प्रश्नापुढें आमची भगिनी हतबल झाली, आणि उरल्यासुरल्या ठेवी मोडावयास निघाली. तेव्हां भाच्याचा आम्हांस फोन आला. "मामा, तुम्ही जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलंत. आई माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. एकदा येऊन दोन्ही यंत्रं पाहा, आणि काय तें सांगा."

हकीकतीकडे वळण्यापूर्वीं या यंत्राची जात थोडी समजून घेऊं. १८०० सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून त्यांत तापमापक ठेविले, आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथेंही पारा चढतो असें त्यास आढळलें. त्या अदृश्य किरणांस आपण अवरक्त किरण म्हणतों. आपलें शरीर, भिंत, चुलीवरचें भांडें, विजेची तार, हीं सारीं असे किरण सतत बाहेर टाकीत असतात. वस्तु जितकी तापलेली तितके ते अधिक. आपले हे कॅमेरे त्यांतील ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या लहरी टिपतात. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी याच्या पंधरा-वीस पटींनीं आंखूड असतात.

यंत्राचे मुख्य अवयव दोन : पुढें भिंग आणि मागें सूक्ष्म ठिपक्यांची जाळी. किरण पडले कीं जाळीचा प्रत्येक ठिपका किंचित् तापतो आणि त्याचा विद्युत्-रोध बदलतो. तो बदल मोजून यंत्र चित्र रंगवितें. म्हणजे पडद्यावरचे तांबडे-पिवळे रंग हे यंत्राचे स्वतःचे. खरा असतो तो आंकडा. ही विद्या अमेरिकेंतील हनीवेल कंपनींत १९८० नंतरच्या दशकांत लष्करासाठीं विकसित झाली, आणि १९९२ सालीं तिच्यावरील गुप्ततेचा पडदा उठला. २०१४ सालीं फ्लिर कंपनीनें मोबाइल फोनला जोडण्याजोगा उष्णतेचा कॅमेरा दाखविला, आणि पुढें चिनी कारखानदार या बाजारांत उतरल्यावर पूर्वीं लाखांत बोलल्या जाणाऱ्या वस्तु हजारांत मिळूं लागल्या.

जाळी स्वस्त झाली, तरी भिंगाची गोष्ट निराळी आहे. आपली साधी कांच या लहरींस अपारदर्शक असते. म्हणून या कॅमेऱ्याचें भिंग कांचेचें करतां येत नाहीं. उत्तम भिंगें जर्मेनियम या मूलद्रव्याचीं करतात. हें मूलद्रव्य असलें पाहिजे असें भाकीत मेंडेलीव्हनें १८७१ सालीं केलें आणि विंकलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञास तें १८८६ सालीं सांपडलें. त्याचा वक्रीभवनांक सुमारें ४ आहे. त्यामुळें नुसत्या घांसलेल्या जर्मेनियमच्या एका पृष्ठावरूनच शेंकडा ३६ किरण परत फिरतात. ते आंत घेण्यासाठीं भिंगावर विशेष लेप चढवावे लागतात. मुळांत हें द्रव्य दुर्मिळ. त्यांत १ ऑगस्ट २०२३ पासून चीननें त्याच्या निर्यातीवर परवान्याचें बंधन घातलें. म्हणून स्वस्त यंत्रांत भिंग लहान असतें, कित्येकदां सिलिकॉनचें किंवा सांच्यांत पाडलेल्या विशेष कांचेचें असतें, आणि बहुधा जागच्या जागीं घट्ट बसविलेलें असतें. त्याचा रोंख जवळ-दूर करतां येत नाहीं. महाग यंत्राचें भिंग मोठ्या तोंडाचें, लेप दिलेलें आणि फिरवून रोंख साधण्याजोगें असतें. तीस हजार आणि पांच लाख यांतील अंतराचा मोठा भाग या पुढच्या दोन-तीन सेंटीमीटरांत आहे.

नवरात्राचे दिवस होते. आम्ही भगिनीच्या घरीं पोंचलों त्या रात्रीं भाच्यानें मित्राकडून तें स्वस्त यंत्र आणून ठेविलें होतें. जेवणें झाल्यावर स्वयंपाकघरांतच त्याची परीक्षा आरंभिली. भगिनीनें तें खिडकीकडे धरलें, तर बाहेरचा रस्ता न दिसतां कांचेंत तिचीच आकृति दिसूं लागली. उलट, कचऱ्याच्या पातळ काळ्या पिशवींत भाच्यानें हात घातला, तर पांचही बोटें पिशवींतून स्पष्ट दिसलीं. आपल्या डोळ्यांना जें पारदर्शक तें यास अपारदर्शक, आणि जें अपारदर्शक तें कधीं कधीं पारदर्शक, हा पहिला धडा झाला.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा होता. घांसून लख्ख केलेल्या स्टीलच्या पातेल्यांत पाणी खळखळा उकळत होतें. यंत्र पातेल्याकडे रोंखलें, तर आंकडा आला ४१ अंश! भगिनीनें विचारलें, "हें बिघडलंय का?" आम्हीं पातेलें उतरवून त्याच्या बाजूस काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. तो तुकडा ९० अंशांच्या वर गेला, आणि त्याच्या शेजारचें चकचकीत स्टील होतें तसेंच थंड दिसत राहिलें. कारण असें कीं, चकचकीत धातु स्वतःची उष्णता किरणांच्या रूपानें फारशी बाहेर टाकीत नाहीं. आरशाप्रमाणें भोंवतालच्या वस्तूंचे किरणच परत फिरविते. काळी पट्टी, माणसाची त्वचा, रंग दिलेली भिंत यांची किरण टाकण्याची शक्ति आदर्श वस्तूच्या शेंकडा ९५ च्या आसपास असते. घांसलेल्या तांब्याची शेंकडा ५ किंवा त्याहूनही कमी. "म्हणजे भांडं घासलंय की नाही, एवढं मात्र यंत्र बरोबर सांगतं," असें म्हणून भगिनी हंसली. तिचा तो विनोद दुसऱ्या दिवशीं आमच्या फार उपयोगीं पडला.

सकाळीं आम्ही तिघेंही सातिवलीस गेलों. पांच लाखांचें यंत्र बाळगणाऱ्या एका तंत्रज्ञास भाच्यानें दिवसाच्या भाड्यानें बोलाविलें होतें. गाळ्याचा वायरमन साठीच्या घरांतला. सारे त्यास दादा म्हणतात. तिन्ही मशिनें दोन तास पूर्ण भारानें चालवावीं असा तंत्रज्ञाचा आग्रह होता, आणि तो अगदीं योग्य होता. सांध्यांत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. सांध्याचा रोध १० मिलिओहम आणि प्रवाह ६० ॲंपियर असला तर ३६ वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्त करणाराच्या डाग देण्याच्या सळईएवढी ती झाली. प्रवाह निम्मा केला कीं ती पावपट, म्हणजे ९ वॅट. सुटीच्या दिवशीं मशिनें बंद ठेवून केलेली तपासणी म्हणजे रोगी झोंपला असतां त्याचा खोकला मोजण्यासारखी होय.

दादानें पॅनेल उघडण्यापूर्वीं खडू घेऊन तीन मीटरांवर जमिनीवर एक रेघ ओढली आणि सांगितलें, "या रेघेच्या आत कुणी यायचं नाही." मग जाड रबरी हातमोजे चढवून त्यानें दार उघडलें. भाच्यानें रेघेवरून स्वस्त यंत्र रोंखलें. तीन तारांचे तीन सांधे. दोहोंचा आंकडा ४४ च्या आसपास, तिसऱ्याचा ५७. मग तंत्रज्ञानें त्याच जागीं उभें राहून आपलें यंत्र रोंखलें, भिंग किंचित् फिरविलें, आणि तोच तिसरा सांधा ९१ अंशांवर असल्याचें दाखविलें. उरलेल्या दोन सांध्यांविषयीं मात्र दोन्ही यंत्रांचें एकमत होतें.

५७ आणि ९१ या आंकड्यांत केवळ विज्ञानाचाच प्रश्न नव्हता. अशा तपासणीचा एक रूढ दंडक आहे : सारखा भार वाहणाऱ्या सारख्या सांध्यांत १५ अंशांहून अधिक फरक आढळला, तर दुरुस्ती तत्काळ करावी. स्वस्त यंत्राच्या सांगण्याप्रमाणें फरक होता १३. म्हणजे दिवाळीची मागणी पुरी करून मग पाहूं, असें कोणीही म्हटलें असतें, आणि भाचा तसें म्हणालाही. महाग यंत्राच्या सांगण्याप्रमाणें फरक ४७ होता.

स्वस्त यंत्र खोटें बोललें काय? नाहीं. हिशेब असा आहे. त्याची जाळी २५६ × १९२ ठिपक्यांची आणि दृष्टीचा कोन ५६ अंश. तीन मीटरांवर त्याच्या दृष्टींत सुमारें ३१९ सेंटीमीटर रुंदी मावते. ती २५६ ठिपक्यांत वांटली कीं एकेका ठिपक्याच्या वांट्यास साडेबारा मिलीमीटर येतात. आमचा सांधा बारा मिलीमीटरांचा. म्हणजे फार तर एक ठिपका, आणि त्यांतही शेजारच्या थंड पत्र्याची भेसळ. सांधा आणि पत्रा यांची सरासरी काढून त्यानें ५७ सांगितलें. तापमान विश्वासानें मोजावयाचें तर वस्तूवर निदान तीन ठिपके आडवे आणि तीन उभे पडले पाहिजेत. महाग यंत्राची जाळी ३२० × २४० ची, म्हणजे ठिपके दीडपटच. पण भिंगाचा कोन २४ अंश. त्यामुळें त्याच अंतरावर एकेका ठिपक्याच्या वांट्यास चारच मिलीमीटर आले, आणि बारा मिलीमीटरांच्या सांध्यावर नेमके तीन ठिपके बसले. वाचकांनीं ध्यानांत घ्यावें कीं, येथें जय मुख्यतः जाळीचा झाला नाहीं, भिंगाचा झाला.

हा हिशेब आम्हीं भाच्यास तेथेंच कागदावर करून दाखविला. तो तल्लख आहे; तत्काळ म्हणाला, "मग एक मीटरवरून पाहिलं तर माझ्या यंत्राचा ठिपकाही चार मिलीमीटरचाच होईल! पांच लाख कशाला हवेत?" आणि यंत्र घेऊन तो पुढें निघाला. हिशेब अगदीं बरोबर होता. पण त्याचें पाऊल रेघेपलीकडे पडण्याआधींच दादानें त्याचा दंड धरला. "साहेब, रेघ." इतकेंच तो म्हणाला. आमच्या भगिनीचा चेहरा पांढरा पडलेला आम्हीं पाहिला. उघड्या, प्रवाह चालू असलेल्या पॅनेलमध्यें एखादा सांधा त्याच क्षणीं तुटून ठिणगीचा लोळ उठला, तर एका मीटरावरच्या माणसाचें तोंड आणि हात भाजल्यावांचून राहत नाहींत.

त्या क्षणीं आम्हांस जी गोष्ट कळली, ती कोणत्याही माहितीपत्रकांत छापलेली नव्हती. पांच लाखांचें यंत्र रंगीत चित्रें विकत नाहीं. तें दोन मीटर अंतर विकतें. जो प्रश्न स्वस्त यंत्रास जवळ जाऊन विचारावा लागतो, तोच महाग यंत्रास दूर उभें राहून विचारतां येतो. जेथें जवळ जाण्यांत धोका नाहीं तेथें हे दोन मीटर फुकट आहेत, आणि जेथें धोका आहे तेथें ते फार मोलाचे आहेत.

तथापि महाग यंत्राचाही पराभव व्हावयाचाच होता, आणि तो आमच्या भगिनीनें केला. पॅनेलच्या वरच्या अंगास तांब्याच्या जाड पट्ट्या, ज्यांस बसबार म्हणतात, त्या नव्या आणि लख्ख होत्या. त्यांच्या एका जोडाकडे दोन्ही यंत्रें रोंखलीं. दोहोंनींही ३६ सांगितलें, आणि तंत्रज्ञ "उत्तम" म्हणून पुढें सरकला. भगिनी हळूच म्हणाली, "पण तें घासलेलं पातेलं आहे ना?" तंत्रज्ञ जरा ओशाळला आणि प्रांजळपणें म्हणाला, "बाई, बरोबर आहे तुमचं." मुख्य स्विच बंद करून, प्रवाह नाहीं याची खात्री करून घेऊन, दादानें तेथें काळ्या पट्टीचा तुकडा लावला. पुन्हां दार लावून मशिनें तासभर चालविलीं आणि रेघेवरून पाहिलें, तों त्या तुकड्यावर महाग यंत्रानें ६८ अंश दाखविले आणि स्वस्तानें ६३. चकचकीत तांब्यापुढें पांच लाखही फसले होते आणि तीस हजारही. सत्य उजेडांत आणलें तें दोन रुपयांच्या पट्टीनें.

दुपारीं वीज तोडून दादानें दोन्ही सांधे उघडले. पहिल्यांत ॲल्युमिनियमच्या तारेचें टोंक तांब्याच्या स्क्रूखालीं सरळ दाबलेलें होतें. हे दोन धातु तापतांना-निवतांना कमीअधिक फुगतात-आकसतात, त्यामुळें पकड सुटत जाते. शिवाय ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढून रोध वाढतो. टोंक काळें पडलें होतें, आणि तारेचें वेष्टण दोन बोटें करपून ठिसूळ झालें होतें. बसबारच्या जोडाचा बोल्ट केवळ हातघट्ट होता. हें "कां" मात्र कोणत्याही कॅमेऱ्यानें सांगितलें नसतें. तें दादाच्या पान्यानें आणि चाळीस वर्षांच्या अनुभवानें सांगितलें. दोन धातूंचा जोड-लग बसवून, बोल्ट मापाच्या पान्यानें आंवळून, पुन्हां भार घातल्यावर तिसरा सांधा ४६ अंशांवर आला.

संध्याकाळीं यंत्रें पेटींत घालीत असतां रात्रपाळीचा एक कामगार आला. तो तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या रस्त्यानें अंधारांत चालत येतो. त्यानें विचारलें, "साहेब, ह्यात बिबट्या दिसेल का?" प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. तुंगारेश्वराचें रान २००३ सालापासून अभयारण्य आहे, आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत तर बिबट्या थेट वसईच्या किल्ल्यांत येऊन राहिला होता. पिंजऱ्यांत सांपडेपर्यंत कित्येक दिवस लोकांनीं तिकडची वाट सोडली होती. आम्हीं पुन्हां कागद घेतला. शंभर मीटरांवर आमच्या स्वस्त यंत्राचा एक ठिपका सुमारें ४१ सेंटीमीटरांचा होतो. म्हणजे बिबट्याच्या सव्वा मीटर लांबीच्या धडावर तीन ठिपके. "कांहीं तरी ऊन वस्तु आहे" इतकेंच कळेल. ती वस्तु बिबट्या, वासरूं कीं दिवसभर तापलेला दगड, हें कळणार नाहीं. पांच लाखांच्या यंत्रांतही नऊच ठिपके पडतील. रानांत वापरावयाच्या दुर्बिणीवजा यंत्रांत जाळी ६४० ठिपके रुंद आणि भिंग ७५ मिलीमीटर केंद्रांतराचें असलें, व एकेक ठिपका १२ मायक्रॉनचा असला, तर त्याच बिबट्यावर पंचाहत्तर ठिपके पडून शेपटीची हालचालही दिसेल. पण तेंच यंत्र आपल्या पॅनेलपुढें तीन मीटरांवर आणाल, तर त्याच्या दृष्टींत जेमतेम एक फूट रुंदी मावेल, आणि इतक्या जवळ त्याचा रोंखही बहुधा साधणार नाहीं. तेव्हां "महाग" हा कांहीं सर्वत्र चालणारा गुण नव्हे; कोठें उभें राहून काय पाहावयाचें, त्यावर तो अवलंबून आहे. २०१८ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या बाजूस टी-१ वाघिणीच्या शोधासाठीं उष्णता टिपणारे कॅमेरे बसविलेलीं ड्रोन विमानेंही आणलीं होतीं. तरी शोध आठवड्यांमागून आठवडे चाललाच. कामगारास आम्हीं सांगितलें कीं, यंत्रापेक्षां चांगली विजेरी आणि एक सोबती बरा. भाच्यानें त्याच दिवशीं रात्रपाळीच्या माणसांस महामार्गापासून रिक्षानें आणावयाचें ठरविलें.

ज्या वाचकांस असें यंत्र खरोखरच घ्यावयाचें असेल, त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. पहिली, जाळीचे मूळ ठिपके किती तें विचारावें. चित्र फुगवून दाखविलेला आंकडा जाहिरातींत असतो, पण फुगविल्यानें नवी माहिती उत्पन्न होत नाहीं. दुसरी, भिंगाचा कोन विचारून वरच्याप्रमाणें त्रैराशिक मांडावें, आणि आपल्या वस्तूवर तीन ठिपके पडतात कीं नाहीं तें पाहावें. तिसरी, रोंख साधतां येतो कीं नाहीं तें पाहावें. चौथी, सूक्ष्म फरक ओळखण्याची शक्ति आणि खरें तापमान सांगण्याची अचूकता या निराळ्या गोष्टी आहेत. ५० मिलीकेल्विनचें यंत्र अंशाच्या विसाव्या भागाचा फरक दाखवितें. पण त्याच यंत्राचा मूळ आंकडा दोन अंशांनीं चुकलेला असूं शकतो, आणि महाग यंत्रांतही सामान्यतः दोन अंशांचीच हमी असते. ताप आणि निरोगी शरीर यांतील फरक एक-दीड अंशाचा. त्यामुळें २०२० च्या साथींत दारोदारीं रोंखलेल्या यंत्रांवर किती भिस्त ठेवावी, हें यावरून समजेल. चित्र सेकंदास नऊच वेळां बदलत असेल तर तो दोष मानूं नये. त्याहून वेगवान यंत्रांच्या निर्यातीवर लष्करी कारणांसाठीं अधिक निर्बंध असल्यामुळें पुष्कळ यंत्रें मुद्दाम त्या मर्यादेंत ठेवलेलीं असतात. भिंतींतली ओल, गच्चीची गळती, पंख्याची तापणारी मोटर, अशा घरगुती कामांस जवळ जाण्यांत कांहींच धोका नाहीं. तेथें स्वस्त यंत्र पुरेसें आहे. मात्र तें पाणी दाखवीत नाहीं, पाणी सुकतांना पडलेला गारवा दाखवितें, हें विसरूं नये.

त्या रात्रीं वसईस परतल्यावर भगिनीनें विचारलें, "मग काय करायचं सांगतोस?" आम्हीं सांगितलें : ठेवी मोडूं नयेत. स्वस्त यंत्र घ्यावें. मोटरी, बेअरिंगें, मशिनांचे हीटर यांची दर आठवड्यास चित्रें काढून ठेवावीं आणि मागच्या चित्रांशीं ताडून पाहावीं. त्याचा आंकडा नव्हे, तर बदल वाचावा. पॅनेल मात्र त्यानें उघडूं नये. त्यासाठीं वर्षांतून दोनदां, पूर्ण भार असतांना, महाग यंत्र आणि तें चालविणारा जाणता माणूस भाड्यानें आणावा. त्याची बिदागी विकत घेण्याच्या खर्चापुढें कांहींच नाहीं. आणि वांचलेल्या पैशांतून जुन्या तारांचीं टोंकें दादाच्या सल्ल्यानें बदलून घ्यावीं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या विक्रेत्यानं विचारलं तेव्हां मला वाटलं, महाग घेतलं नाही तर माझ्या हातून पाप होईल. आज तो पुढं निघाला आणि दादांनी हात धरला, तेव्हां कळलं." तिनें वाक्य पुरें केलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं.

परवां भाच्याचें पत्र आलें. (हल्लीं पत्र म्हणजे फोनवरचा निरोप, पण मजकूर लांब होता म्हणून आम्ही त्यास पत्रच म्हणतों.) सारीं टोंकें बदलून झालीं. बसबारच्या प्रत्येक जोडावर काळी पट्टी आहे. आणि दादाची खडूची रेघ पुसली जात होती, म्हणून ती आतां पिवळ्या तेलरंगानें पक्की रंगविली आहे. रंगाच्या डब्याचें बिल त्यानें यंत्राच्या बिलाखालींच टांचून ठेविलें आहे. भगिनीस झोंप लागते कीं नाहीं, तें त्यानें लिहिलेलें नाहीं. दिवाळींत प्रत्यक्ष गेलों म्हणजे विचारूं.